नमुना एक-अ

लांज्याच्या स्टँडमागे, गिरणीवरच्या माडीत
डॉक्टर सोलकर बाईंचा दवाखाना.
खाली भात भरडतंय, वर फळ्या हलतायत,
आणि मी चपला काढून वजनकाट्यावर:
एकोणऐंशी.
बाई म्हणाल्या, मागच्या खेपेला त्र्याहत्तर होतात.
म्हटलं, तेव्हा गाडी रिकामी होती.

हसल्या. लिहिलं मात्र एकोणऐंशीच.

कागदावर एकाखाली एक विचारलेलं.
फेफरं? नाही. चक्कर? नाही.
रात्रीचं दिसतं नीट?
आंबा घाटात धुकं उतरलं, बाई,
की दिवसासुद्धा कुणाला दिसत नाही,
तिथे आम्ही कानाने चालवतो.
तोच शब्द धरून त्या माझ्या पाठीमागे गेल्या,
पंख्याच्या घरघरीखालून काहीतरी कुजबुजल्या.
"पाली," मी म्हटलं.
"पाचल," त्या म्हणाल्या. "असो. अर्धं तरी आलं."

दंडाला पट्टा आवळला,
हौद्यावर मी काढणी आवळतो तसा,
आणि हळूहळू सोडला.

मग ते पुस्तक.
पान भरून नुसते ठिपके,
खळ्यात जवळा पसरून ठेवावा तसे.
त्यात म्हणे आकडे असतात.
मुनाफने, माझ्या क्लीनरने, दोन रात्री केबिनमध्ये
ते माझ्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले होते:
बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न.
तो नववी नापास, मी चौथी.
कुठून मिळवले, मी विचारलं नाही.

बाईंनी पुस्तक मागून उघडलं.

"बारा," मी म्हटलं.
"मांडवकर, इथे आकडा नाहीच.
इथे वाट आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत
बोटाने दाखवा."

चौतीस वर्षं.
अणुस्कुऱ्याची वळणं मी झोपेत मोजतो,
भुईबावड्याला कुठला दगड कधी सुटेल ते सांगतो.
बोट टोकावर ठेवलं
आणि तिथेच राहिलं.
गिरणी बंद झाली होती मधेच.

"सिग्नल कसा ओळखता?"
वरचा थांब, खालचा जा.
"आणि पुढच्याने ब्रेक मारला तर?"
दिवा मोठा होतो.

मग त्यांनी विचारलंच नव्हतं तेही सांगून टाकलं.
रातांबे काढायला मला झाडावर चढू देत नसत,
कच्चे-पिके एकाच टोपलीत टाकायचो.
आये म्हणायची, आळशी आहे मेला, बघून काढत नाही.
आणि आता चिरा वाहतो. रोज दीड-दोनशे.
अंगावरची धूळ बायको मोरीत धुते,
म्हणते, बघा, नुसतं लाल पाणी.
मी बघतो.
हं, म्हणतो.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
"थोडं असेल तर चालतं. जास्त असेल तर नाही.
किती आहे ते मी नाही सांगू शकत,
रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात जा."
चिठ्ठी दिली. फी अर्धीच घेतली.
शिक्का पॅडवर होता तसाच, पालथा.

खाली मुनाफ टायरला लाथ मारत उभा.
"काय झाला, मामू? आकडे इले?"
म्हटलं, आकडे नाही, रस्ता विचारला.
त्याला वाटलं चेष्टा, खो खो हसला.
मी फाळक्यावर हात टेकून
वरच्या थरातल्या चिऱ्याचा कोपरा खरवडला.
"मुनाफ, ह्यो किती लाल रे?"
"किती म्हंजे? लाल तो लाल."

लायसन सोळा तारखेपर्यंत आहे.
किल्ली माझ्याच खिशात, त्याच्याकडे तर शिकाऊसुद्धा नाही.
कोल्हापूरवाल्याचा फोन आला, चिरे कुठवर आले?
लांज्यात, म्हटलं.
सकाळीही लांज्यातच होतात, तो म्हणाला.